काटा ठेवायचा कुठे? रोस्टर प्रकल्पाच्या नोंदी, २०२५

१० फेब्रुवारी २०२५, सोमवार

जर्मन क्लायंटचं नवं टिकिट. आखेनच्या आसपास त्यांची वृद्धांसाठी शुश्रूषा केंद्रं आहेत आणि तिथल्या नर्स-मदतनीसांच्या ड्युट्या आपल्या रोस्टरवर, म्हणजे पाळ्यांचं वेळापत्रक लावणाऱ्या सिस्टिमवर, लागतात. मागणी एका ओळीची: युरोपनं वर्षातून दोनदा घड्याळ बदलणं बंद केलं तर सिस्टिम तयार हवी. कधी बंद होणार आणि कोणती वेळ राहणार, हे त्यांनाही माहीत नाही.

टीम लीड म्हणतो कॉन्फिगमध्ये, म्हणजे सेटिंग्जमध्ये, एक स्विच टाकला की झालं. मी म्हटलं, आधी वाचतो, मग एस्टिमेट देतो.

नवीन येणाऱ्यांसाठी थोडक्यात लिहून ठेवतो, कारण दर मार्चमध्ये फ्रेशर मंडळी हेच विचारतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी मध्य युरोपातली घड्याळं पहाटे दोनची एकदम तीनवर जातात. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तीनची परत दोनवर येतात. मधल्या काळाला उन्हाळी वेळ म्हणतात, उरलेल्या महिन्यांतली ती हिवाळी वेळ. संध्याकाळचा उजेड कामी यावा आणि दिवाबत्ती वाचावी, हा मूळ हेतू. न्यूझीलंडच्या जॉर्ज हडसननं १८९५ मध्ये ही कल्पना मांडली. तो टपाल खात्यात होता आणि ड्युटी संपल्यावर किडे गोळा करायला त्याला उजेड हवा असायचा. इंग्लंडमध्ये विल्यम विलेटनं १९०७ पासून यासाठी पत्रकं काढली, खासदारांच्या मागे लागला आणि १९१५ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी, ३० एप्रिल १९१६ ला, जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरीनं कोळसा वाचवण्यासाठी घड्याळं पुढे केली. तीन आठवड्यांत ब्रिटननंही केली.

आपल्याकडे हा उद्योग का नाही, याचं उत्तर सोपं आहे. पुण्यात सगळ्यात मोठा दिवस सव्वातेरा तासांचा, सगळ्यात लहान अकरा तासांचा. बर्लिनला तोच फरक जवळजवळ सतरा तास ते पावणेआठ तास इतका पडतो. उन्हाळ्यात सूर्य चारला उगवून लोक झोपलेले असताना फुकट जात असेल, तर काटा हलवायचं कुणाच्या तरी डोक्यात येणारच.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

कायदा वाचला. युरोपीय संघाचा २००० सालचा निर्देश आहे. त्यानुसार सगळ्या सदस्य देशांनी एकाच क्षणी, यूटीसी (जगाची प्रमाण वेळ) एक वाजता, काटा हलवायचा. टाइमझोन मात्र ज्याचा त्यानं निवडायचा. म्हणजे हलवण्याची सक्ती संघाची आणि घड्याळ देशाचं. पुढचा सगळा काथ्याकूट यातूनच निघाला आहे.

२०१८ च्या उन्हाळ्यात युरोपीय आयोगानं, म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळानं, लोकांची मतं मागवली. ४६ लाख उत्तरं आली आणि ८४ टक्के लोक म्हणाले, हे बंद करा. हा आकडा सगळीकडे सापडतो. त्याच अहवालातले दोन आकडे मात्र फारसे कुणी सांगत नाही. उत्तरं देणाऱ्यांतले सुमारे ७० टक्के एकट्या जर्मनीतले होते. आणि बंद करून कायम कोणती वेळ ठेवायची, यावर ५६ टक्के उन्हाळीच्या बाजूनं होते तर ३६ टक्के हिवाळीच्या.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आयोगानं प्रस्ताव आणला. २६ मार्च २०१९ ला युरोपीय संसदेनं तो ४१० विरुद्ध १९२ मतांनी उचलून धरला, ५१ जण तटस्थ राहिले. शेवटचा बदल २०२१ मध्ये होणार होता. कायम उन्हाळी वेळ घेणाऱ्यांनी मार्चमध्ये थांबायचं, हिवाळी घेणाऱ्यांनी ऑक्टोबरमध्ये. पुढे प्रस्ताव सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेत गेला आणि तिथे घोंगडं भिजत पडलं ते आजतागायत. परिषद म्हणते, आधी परिणामांचा नीट अभ्यास द्या. आयोग म्हणतो, आम्ही प्रस्ताव दिलाय, आता तुम्ही ठरवा. यंदा जानेवारीपासून परिषदेचं अध्यक्षपद पोलंडकडे आहे आणि त्यांनी हा विषय पुन्हा काढायचं म्हटलंय. आपला क्लायंट त्यामुळेच जागा झालेला दिसतो.

आपल्या दृष्टीनं कामाची बाब निराळीच निघाली. आयोग दर पाच वर्षांनी पुढच्या पाच वर्षांच्या तारखा राजपत्रात छापतो. सध्याची यादी २०२२ ते २०२६. आणि आपल्या डेटाबेसमध्ये २०२७ च्या उन्हाळ्यातल्या रजा आणि ड्युट्या आधीच भरलेल्या आहेत.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

लीडचा एक स्विच निकालात निघाला. कारण असं.

आपण सगळ्या वेळा यूटीसीमध्ये साठवतो. कॉलेजपासून हेच शिकवलेलं असतं आणि झालेल्या गोष्टींसाठी ते बरोबरही आहे. नर्सनं कार्ड पंच केलं तो क्षण एकदाच येतो, पुढे कायदा कितीही बदलला तरी तो हलत नाही. पण १४ जुलै २०२७ ची रात्री दहाची शिफ्ट घ्या. उन्हाळी वेळेच्या हिशेबानं ती यूटीसी २०:०० अशी साठली आहे. उद्या जर्मनीनं कायम हिवाळी वेळ घेतली की हीच शिफ्ट पडद्यावर रात्री नऊची दिसेल. करारात रात्री दहा लिहिलंय, दुपारपाळीची बाई दहापर्यंत थांबणार आहे, आणि आपली सिस्टिम रातपाळीवालीला तासभर आधी बोलावून घेणार. कायम उन्हाळी वेळ आली तर डिसेंबरच्या शिफ्ट उलट्या सरकतील, दहाच्या अकरा होतील.

पुढची शिफ्ट हा दिलेला शब्द असतो आणि तो भिंतीवरच्या घड्याळाच्या भाषेत दिलेला असतो. तेव्हा भविष्यातली प्रत्येक नोंद स्थानिक वेळ आणि ठिकाण अशी साठवायची, यूटीसी फक्त हिशेबापुरतं काढायचं, आणि कोणत्या आवृत्तीचे नियम वापरून काढलं तेही शेजारी लिहून ठेवायचं. मायग्रेशन, म्हणजे जुन्या नोंदी नव्या रचनेत हलवणं, मोठं आहे. दोन आठवड्यांत होईल हे विसरा.

संध्याकाळी टाइमझोनच्या डेटाबेसमधली युरोपची फाइल उघडून बसलो. जगातले बहुतेक सर्व्हर आणि फोन हीच माहिती वापरतात. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी १९८० च्या दशकात तिची सुरुवात केली, आता पॉल एगर्ट सांभाळतात. युरोपीय संघाचा चालू नियम त्यात अवघ्या दोन ओळींचा आहे. एक १९८१ पासूनची, मार्चचा शेवटचा रविवार. दुसरी १९९६ पासूनची, ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. शेवटच्या वर्षाच्या रकान्यात दोन्हीकडे 'मॅक्स' लिहिलंय, म्हणजे शेवट ठरलेला नाही. ब्रसेल्समध्ये जे काही ठरेल त्यातून या फाइलमध्ये फक्त त्या 'मॅक्स'चा एक आकडा होईल. बाकीचं काम मग आपल्यासारख्यांच्या टेबलावर.

२४ फेब्रुवारी, सोमवार

क्लायंटच्या सुपरवायझर बाईंनी विचारलं, कायम उन्हाळी वेळ आली तर जानेवारीत उजाडणार किती वाजता? त्यांना सकाळच्या अंघोळी आणि न्याहारीच्या वेळा ठरवायच्या असतात. टेबल काढून दिलं आणि मग हौसेनं इतर शहरांचंही काढलं.

आखेनला डिसेंबर-जानेवारीत सूर्य साडेआठच्या पुढे उगवतो, कायम उन्हाळी वेळेत तो साडेनऊच्या पुढे जाईल. स्पेनच्या पश्चिम टोकाला व्हीगो आहे, तिथे आत्ताच नऊ वाजतात, मग दहा वाजतील. दहाला सूर्योदय! उलट सगळीकडे कायम हिवाळी वेळ केली तर वॉर्सात जूनमध्ये सव्वातीनलाच उजाडेल. व्हीगो आणि वॉर्सा एकाच टाइमझोनमध्ये आहेत आणि मध्ये जवळजवळ तीस रेखांश पसरलेत. सूर्याच्या हिशेबानं ते दोन तास होतात.

स्पेन मुळात या झोनमध्ये बसतच नाही. माद्रिदचं रेखांश लंडनच्याही पश्चिमेला आहे. १९४० मध्ये फ्रँकोनं घड्याळं तासभर पुढे करून बर्लिनशी जुळवली आणि ती पुन्हा मागे आणायचं कुणाला सुचलं नाही. स्पेनचे लोक रात्री दहाला जेवतात म्हणून आपण कौतुक करतो, त्यात थोडा वाटा या खोट्या काट्याचा आहे.

दुसरा क्लायंट आयर्लंडचा. लेटरकेनीत त्यांचं केंद्र आहे आणि अर्धा स्टाफ सीमेपलीकडून, डेरीहून, येतो. डेरी ब्रिटनमध्ये आणि ब्रिटन आता संघाबाहेर. संघानं बदल बंद केला आणि ब्रिटननं चालू ठेवला, तर वर्षातले कित्येक महिने या एका बेटावर दोन वेळा चालतील. आयर्लंडच्या सरकारनं २०१९ मध्येच सांगितलं होतं, हे आम्हाला चालणार नाही. नकाशा पाहिला तर पटतं. डेरीचं घड्याळ तासभर पुढे असेल तर घरून सातला निघालेली नर्स कामावरही सातच्या आसपास पोहोचेल आणि परतताना मात्र दोन तास खर्ची पडल्यासारखे दिसतील.

आयर्लंडची आणखी एक गंमत. तिथे कायद्यानं उन्हाळ्यातली वेळ हीच मूळ वेळ आहे आणि हिवाळ्यात तासभर मागे यायचं. टाइमझोनचा डेटाबेसही हिवाळ्यात उणे एक तास असंच नोंदवतो. आपल्या कोडमध्ये 'वाढीव तास शून्य किंवा जास्तच असणार' असं गृहीत धरलेलं होतं. काढून टाकलं.

६ मार्च, गुरुवार

टेस्टिंग टीमसोबत चहाला बसलो आणि विषय हाच. सगळ्यांचं मत, कायम उन्हाळीच ठेवावं, संध्याकाळ मोठी मिळते. मी दोन दिवस वाचलेलं सगळं तिथे ओतलं.

कायम उन्हाळी वेळ हा प्रयोग जगात करून झालेला आहे. ब्रिटननं १९६८ ते १९७१ केला. स्कॉटलंडमध्ये सकाळी नऊ-साडेनऊपर्यंत अंधार राहायचा, शेवटी संसदेनं मोठ्या बहुमतानं तो गुंडाळला. अमेरिकेनं तेलटंचाईत, ६ जानेवारी १९७४ पासून, केला. पोरं मिट्ट काळोखात शाळेच्या बसची वाट पाहत उभी राहायला लागली तशी लोकांची मतं फिरली आणि त्याच ऑक्टोबरमध्ये तो मागे घेतला. रशियानं २०११ मध्ये कायम उन्हाळी वेळ केली आणि २०१४ मध्ये कायम हिवाळीवर आणली. पहिल्या हिवाळ्यापर्यंत सगळ्यांना उन्हाळी वेळ आवडते, असा माझा निष्कर्ष.

झोपेचा अभ्यास करणारे बहुतेक सगळे हिवाळी वेळेच्या बाजूनं आहेत. अमेरिकेच्या झोपविकार तज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये तशी भूमिकाच जाहीर केली. शरीरातलं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं, संध्याकाळच्या उजेडानं ते उशिराकडे सरकतं. स्वीडनच्या नोंदींवरून २००८ मध्ये आलेल्या अभ्यासात मार्चमधल्या बदलानंतरच्या आठवड्यात हृदयविकाराचे झटके सुमारे पाच टक्क्यांनी जास्त दिसले. वीज वाचते म्हणावं, तर इंडियाना राज्यानं २००६ मध्ये राज्यभर उन्हाळी वेळ लागू केली तेव्हा घरगुती विजेचा वापर एक टक्क्यानं वाढलाच. दिवे वाचले, पण लोक टळटळीत उन्हात घरी येऊन एसी लावायला लागले.

यावर टेस्टिंगवाली शांतपणे म्हणाली, "तू सकाळी नऊला उठतोस. मुलांना संध्याकाळी खाली खेळायला नेतं कोण? तिथल्या आयांना पण एक तास जास्त उजेड मिळत असेल तर मिळू दे की."

याला माझ्याकडे आकडा नाही. दुकानदार, क्रीडासंघटना, पर्यटनवाले यांचं म्हणणंही फिरून फिरून तेच आहे आणि ते खोटं नाही. तरीही मला विचाराल तर कायम हिवाळी. रोस्टरमध्ये सकाळी सहाची पाळी असणारे लोक पाहिले की असं वाटतं.

१० मार्च, सोमवार

काल अमेरिकेची घड्याळं पुढे गेली. युरोपची ३० तारखेला जाणार. मधले तीन आठवडे आपला नेहमीचा तमाशा: न्यू मेक्सिकोतल्या क्लायंटचा कॉल तासभर अलीकडे, जर्मनीचा जिथल्या तिथे, आणि एरवी एकामागून एक येणारे दोन कॉल एकमेकांवर चढतात. ३१ पासून जर्मनीची पाळीही दीडऐवजी साडेबाराला सुरू होईल. ट्रान्सपोर्ट डेस्कवरून कॅबची नवी यादी मागितली आहे. भारतात घड्याळ बदलत नाही असं म्हणतात, पण हिंजवडीत वर्षातून दोनदा जेवणाची वेळ बदलते. साडेबाराच्या पाळीला बसायचं तर साडेअकराला जेवून निघायला लागतं.

अमेरिकेच्या डेटात मजेशीर घोळ सापडला. क्लायंटचं एक केंद्र गॅलपला (न्यू मेक्सिको), एक फ्लॅगस्टाफला (अॅरिझोना). अॅरिझोना घड्याळ बदलत नाही. पण त्याच राज्यातला नवाहो आदिवासींचा प्रदेश बदलतो, कारण तो शेजारच्या दोन राज्यांतही पसरलेला आहे आणि त्यांना आपल्या लोकांत एकच वेळ हवी. त्या प्रदेशाच्या पोटात होपी लोकांचा प्रदेश आहे, तो पुन्हा बदलत नाही. जुन्या कोडमध्ये पत्त्यातल्या राज्यावरून टाइमझोन ठरायचा. म्हणजे विंडो रॉकला राहणाऱ्या नर्सला मार्च ते नोव्हेंबर ड्युटीची आठवण तासानं चुकीची जायची. तिनं तक्रार केली नव्हती, भिंतीवर कागद चिकटवून ठेवला होता म्हणे. आता झोन ठिकाणावरून.

१९ मार्च, बुधवार

लीडनं विचारलं, नियम बदलले तर आपल्याला किती दिवस आधी कळेल? युरोपचं सांगता येत नाही, म्हणून लेबनॉनचं उदाहरण दिलं.

२०२३ मध्ये तिथे २५ मार्चच्या मध्यरात्री घड्याळ पुढे जायचं होतं. रमजान सुरू झाला होता. पंतप्रधान मिकाती यांनी गुरुवारी, म्हणजे दोन दिवस आधी, बदल महिनाभर पुढे ढकलला. तिथल्या ख्रिश्चनांच्या मॅरोनाइट चर्चनं सांगितलं, आम्ही मानत नाही. काही वाहिन्या आणि शाळा चर्चच्या वेळेवर गेल्या, सरकारी कचेऱ्या सरकारच्या वेळेवर राहिल्या. एका देशात, एका शहरात दोन वेळा. फोन कोणती वेळ दाखवेल ते त्या फोनच्या अपडेटवर. सोमवारी सरकारनं माघार घेतली आणि बुधवारी रात्री घड्याळं पुढे गेली. टाइमझोनच्या डेटाबेसची २०२३बी ही आवृत्ती सरकारचा निर्णय धरून आली, आणि आठवड्याच्या आत २०२३सी तो पुसत आली.

लीड थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "म्हणजे डिप्लॉय न करता, सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती न चढवता, नियमांची फाइल बदलता यायला हवी." हेच मी महिनाभर सांगतोय.

आजपासून प्रत्येक टेस्ट तीन भविष्यांवर चालते: आहे तसंच, कायम हिवाळी, कायम उन्हाळी. देशागणिक वेगळी निवडही करता येते. आखेनचं केंद्र हिवाळीवर आणि सीमेपलीकडचं नेदरलँड्स उन्हाळीवर टाकून पाहिलं. रिपोर्ट काय भयंकर दिसतो!

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा आणि युरोपचा बदल एकाच दिवशी. युरोपात रात्रीचे दोन म्हणजे आपले सकाळचे साडेसहा. पुण्यात आज सूर्योदयही साधारण तेव्हाच. ऑन-कॉल, म्हणजे काही बिघडलं तर बघायची ड्युटी, माझ्याकडे. बाबा गॅलरीत काठीला साडी नेसवत होते, मी आत लॅपटॉपपाशी. आई दोनदा येऊन बघून गेली.

०१:५९ नंतर ०३:००. रातपाळी दहा ते सहा, पण तास सात भरले आणि पगाराच्या रकान्यात सातच आले. एक नोंद मुद्दाम लक्ष ठेवून पाहिली: एक मदतनीस ०१:५२ ला विश्रांतीला गेली आणि ०३:०७ ला परत आली. जुनी सिस्टिम तिच्या नावावर सव्वा तासाची विश्रांती लावून पगार कापायची आणि सोमवारी सुपरवायझर हातानं दुरुस्त करायच्या. आज पंधरा मिनिटं लागली. बरोबर.

सव्वासातला गुढी उभी राहिली. कडुनिंब खाऊन पुन्हा लॉग बघायला बसलो.

११ एप्रिल, शुक्रवार

काल अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली, घड्याळ एकाच जागी कायम ठेवावं का यावर. तिथली गोष्ट युरोपसारखीच. २०२२ च्या मार्चमध्ये सिनेटनं कायम उन्हाळी वेळेचं विधेयक एकमतानं मंजूर केलं होतं, पण प्रतिनिधिगृहानं ते चर्चेलाच घेतलं नाही. राज्यांना आजही मुभा एकाच बाजूनं आहे: बदल सोडून कायम हिवाळी वेळ घेता येते, कायम उन्हाळी घ्यायला काँग्रेसची, म्हणजे अमेरिकी संसदेची, परवानगी लागते. कॅलिफोर्नियात २०१८ मध्ये जवळजवळ साठ टक्के मतदारांनी घड्याळ बदलणं थांबवायची वाट मोकळी करणाऱ्या प्रस्तावाच्या बाजूनं कौल दिला होता. अजून काही झालेलं नाही. आपल्याला करण्यासारखं काही नाही.

२३ जून, सोमवार

मायग्रेशन संपलं. त्या निमित्तानं टाइमझोनच्या डेटाबेसमधली भारताची नोंद नीट वाचली. इतकी वर्षं वाटत होतं तिथे एकच ओळ असेल, यूटीसीच्या पुढे साडेपाच तास आणि संपलं. तसं नाही. आधी कलकत्त्याची वेळ, मग मद्रासची, १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तास. आणि त्यानंतर दुसऱ्या महायुद्धात दोनदा वाढीव तास: १९४१ च्या ऑक्टोबरपासून मे १९४२ पर्यंत, आणि पुन्हा सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५. म्हणजे आपलीही घड्याळं पावणेचार वर्षं साडेसहा तासांवर चालली.

हे जेवताना सांगितलं तर अकाउंट्सच्या काकू म्हणाल्या, "त्यात नवीन काय? माझ्या आईचा जन्म चव्वेचाळीसचा, पत्रिका मांडताना गुरुजींनी एक तास वजा केला होता." खरंच आहे. जुने ज्योतिषी त्या काळातल्या जन्मवेळेतून तास काढतात, आणि जन्म मुंबईचा असेल तर आधी विचारतात की वेळ कोणती, स्टँडर्ड की मुंबईची. मुंबईची वेळ स्टँडर्डच्या ३९ मिनिटं मागे. १९०६ मध्ये सरकारनं स्टँडर्ड टाइम आणला तेव्हा मुंबईत मोठा विरोध झाला, आणि महापालिका १९५५ पर्यंत जुनी वेळ पाळत होती. जवळजवळ पन्नास वर्षं! लेबनॉनला हसायचं कारण नाही.

आसामच्या चहाच्या मळ्यांत आजही 'बागान टाइम' चालतो, स्टँडर्डच्या एक तास पुढे. २०१८ मध्ये राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी ईशान्येला साडेसहा तासांची स्वतंत्र वेळ सुचवली होती. आपल्या रोस्टरला उद्या जोरहाटचं गिऱ्हाईक मिळालं तर तेही आता जमेल.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

दिवाळीच्या सुट्टीत इनबॉक्स भरला. सोमवारी स्पेनचे पंतप्रधान सांचेझ म्हणाले की या बदलात काही अर्थ नाही, युरोपनं तो थांबवावा. काल युरोपीय संसदेतही चर्चा झाली, आयोग म्हणतो अभ्यास करून घेतो. क्लायंटचं पत्र: "आता नक्की होणार का?"

उत्तरात एवढंच लिहिलं की येत्या रविवारी नेहमीसारखा बदल होईल आणि आपली सिस्टिम तिन्ही शक्यतांना तयार आहे. सांचेझ थांबवा म्हणतात, पण मग स्पेननं कोणत्या वेळेवर राहायचं, हा व्हीगोचा दहा वाजताचा सूर्योदय त्यांनाही सुटणार नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

हा बदल मार्चपेक्षा अवघड. दोन ते तीन हा तास दोनदा येतो. जर्मन नियमात त्याला अधिकृत नावं आहेत: पहिला २ए, दुसरा २बी. आपणही पडद्यावर तीच दाखवायची ठरवली, सुपरवायझरना ती ओळखीची आहेत.

एक जण २ए:४० ला विश्रांतीला गेला, २बी:१० ला परत आला. जुन्या सिस्टिममध्ये ही विश्रांती उणे तीस मिनिटं निघायची. आज अधिक तीस. रातपाळी नऊ तासांची भरली, नवव्या तासाचे पैसे लागले. औषधांच्या फेरीत मात्र प्रश्न आला: रात्री अडीचचं औषध दोन वेळा द्यायचं का? सिस्टिमनं एकदाच, २ए ला, आठवण दिली. हा नियम आम्ही ठरवलेला नाही, केंद्राच्या डॉक्टरांनी लेखी दिलेला आहे. असल्या गोष्टी प्रोग्रॅमरनं ठरवू नयेत.

२९ ऑक्टोबर, बुधवार

अमेरिकी सिनेटमध्ये काल कायम उन्हाळी वेळेचं विधेयक पुन्हा एकमतानं मंजूर करायचा प्रयत्न झाला, आर्कान्सॉच्या टॉम कॉटन यांनी हरकत घेतली. मुद्दा तोच, हिवाळ्यातल्या काळोख्या सकाळी. ये रे माझ्या मागल्या.

३ नोव्हेंबर, सोमवार

काल अमेरिकेचाही बदल पार पडला. गॅलपचा बदल आपल्या दुपारी दीडला होता. लॉग तपासून लॅपटॉप मिटला आणि टीव्हीसमोर बसलो. नवी मुंबईची फायनल मध्यरात्रीनंतर संपली, मुलींनी वर्ल्ड कप आणला, त्यामुळे आज टीममध्ये कामाचं कुणी बोलत नाहीये.

शिल्लक कामं: लेटरकेनीच्या रिपोर्टमध्ये सीमेपलीकडच्या स्टाफसाठी दोन वेळांचा रकाना (ब्रिटन वेगळं झालं तरच चालू होईल असा). २०२६ मध्ये ८ मार्चला अमेरिका, २९ मार्चला युरोप, त्याच्या कॅबची यादी फेब्रुवारीत द्यायची. २०२७ नंतरच्या तारखा राजपत्रात आल्या की जुळवून पाहायच्या.

मॅनेजरला मूळ टिकिट बंद करायचं आहे. मी स्टेटस 'बाहेरच्या निर्णयासाठी थांबलंय' असं केलं. टूलमध्ये अंतिम तारखेचा रकाना रिकामा सोडता येत नाही. छापील यादीतली शेवटची तारीख टाकली, २५ ऑक्टोबर २०२६.